बातमीचा विषय वाचकालाही कळू द्या

प्रति,
बातम्यांच्या संकेतस्थळांचे संपादक, डिजिटल आवृत्त्यांचे प्रमुख आणि त्यांच्या तांत्रिक विभागांतले सर्व सहकारी

विषय: नको असलेले विषय मिटवण्याची सोय वाचकाच्या हाती देण्याबाबत

स.न.वि.वि.

या पत्राला निमित्त झाली ती एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ब्राउझरमध्ये चालणारी, चाळीसेक ओळींची. बातम्यांच्या मुखपृष्ठावरून अपघाताच्या बातम्या मिटवायच्या, एवढेच तिचे काम. ती मी माझ्या धाकट्या बहिणीसाठी लिहिली. तिचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याला आता दोन वर्षे होतील.

बहिणीला बातम्या वाचायची सवय शाळेपासूनची. तो गेल्यावर सगळ्यांनी तिला सांगितले, काही महिने बातम्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तिने ऐकून पाहिले. पण बाहेर काय चालले आहे हे न कळता बसून राहणे तिला जास्तच कोंडल्यासारखे व्हायला लागले. तिला निवडणुकांचे निकाल हवे होते, अर्थसंकल्प हवा होता, न्यायालयांचे निकाल, नवी पुस्तके, खेळ, सगळे हवे होते. एकच विषय नको होता. आणि नेमका तोच पानभर विखुरलेला असायचा: वर ठळक मथळ्यात, मध्ये व्हिडिओंच्या रांगेत, उजवीकडे ‘सर्वाधिक वाचलेले’च्या खाली, आणि एखादी चांगली बातमी वाचून संपली की तळाशी ‘हेही वाचा’मध्ये. चेपलेल्या गाडीच्या फोटोसकट. एकदा ती मला म्हणाली, “ताई, मला बातम्या सोडायच्या नाहीत गं. फक्त हे एवढे कुणीतरी झाकून ठेवा.”

छापील अंकात हे झाकणे आपोआप व्हायचे. खेळाचे पान मागे, संपादकीय मध्ये, गुन्हे आणि अपघात बहुतेक आतल्या ठरलेल्या जागी. कुठल्या पानावर काय असते हे वाचकाच्या बोटांना ठाऊक असायचे. नको ते पान न उघडता उलटता यायचे. मुखपृष्ठाच्या न संपणाऱ्या पट्टीत उलटायला पानच उरलेले नाही. म्हणून मी स्क्रिप्ट लिहायला बसले.

संपादक मंडळींसाठी ती काय करते ते सांगते. तांत्रिक विभागाने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. तुमचे पान तुमच्या सर्व्हरवरून निघते, पण उभे राहते ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये. तिथे वाचकाला त्यावर स्वतःचा थोडा कोड चालवता येतो. फायरफॉक्ससाठी २००५ मध्ये ग्रीसमंकी हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे पूरक साधन, आले तेव्हापासून ही सोय रुळली. पुढे टॅम्परमंकी, व्हायोलेंटमंकी आली. माझी स्क्रिप्ट पानावरची बातमीची एकेक चौकट शोधते, तिचा मथळा वाचते, यादीतला एखादा शब्द त्यात सापडला तर ती चौकट मिटवते. खाली सरकत जाऊ तशा नव्या बातम्या येत राहतात, म्हणून म्युटेशनऑब्झर्व्हर नावाचा पहारेकरी बसवावा लागतो. पानात नवे काही उतरले की तो स्क्रिप्टला जागे करतो. तुमच्याकडे यातून काहीच बदलत नाही. दुसऱ्या कुठल्याही वाचकाला पान जसे होते तसेच दिसते.

पहिल्याच दिवशी एक चूक झाली. पान आधी उभे राहायचे आणि स्क्रिप्ट मागून पोचायची. त्या मधल्या अर्ध्या क्षणात फोटो चमकून जायचा आणि मग नाहीसा व्हायचा. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला तो अर्धा क्षणही पुरेसा होता. मग क्रम उलटा केला: आधी सगळ्या चौकटी झाकायच्या, तपासून झाली की एकेक उघडायची. पान दिसायला थोडा उशीर होतो. तिला तो चालतो.

खरी झटापट पुढे होती, आणि ती शब्दांशी होती.

मी यादीत पहिला शब्द घातला ‘अपघात’. त्याने बरेच काम केले, कारण अपघाताची, अपघातात, अपघातग्रस्त ही सगळी रूपे त्याच अक्षरांनी सुरू होतात. पण एका अभिनेत्याची मुलाखतही गेली. मथळ्यात तो म्हणत होता की आपण अपघातानेच या क्षेत्रात आलो. दुसरा शब्द ‘ठार’. तो घातल्यावर पठारावर फुललेल्या रानफुलांची बातमी नाहीशी झाली, कारण पठारात ‘ठार’ आहे. ‘मृत’ घातला तेव्हा अमृतमहोत्सव गेला आणि स्मृतिदिनाचे कार्यक्रमही गेले. ‘बळी’ घातला आणि पाच बळी टिपणारा गोलंदाज दिसेनासा झाला. त्याच्याबरोबर बळीराजाही, म्हणजे शेतीच्या बातम्या. ‘धडक’ घातल्यावर अंतिम फेरीत धडक मारलेले सगळे संघ बाद.

इंग्रजीसाठी लिहिणाऱ्याला यावर एक सोपा उपाय असतो: शब्दाच्या दोन्ही टोकांना शब्दसीमेची खूण लावायची, म्हणजे पोटातला शब्द सापडत नाही. माझी स्क्रिप्ट ज्या भाषेत आहे त्या जावास्क्रिप्टमधली ती नेहमीची खूण फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांनाच शब्द मानते. देवनागरीत ती निकामी आहे. २०१८ च्या आवृत्तीपासून कुठल्याही लिपीतली अक्षरे ओळखण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये आली, पण मग सीमा स्वतः घडवावी लागते, काना-मात्रा-वेलांट्या धरून. आणि ती घडवली तरी आपल्या भाषेचे सामान्यरूप पुढे उभेच असते. माझ्या एका मैत्रिणीला खुनाच्या बातम्या नको होत्या. तिने यादीत ‘खून’ लिहिले. ‘खुनाचा तपास’, ‘खुनातील आरोपी’ हे सगळे तिच्या पानावर तसेच राहिले, कारण प्रत्यय लागला की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. ‘निवडणूक’ आणि ‘निवडणुकीत’ यांचीही तीच गत. मराठी वाचणाऱ्याला हा एकच शब्द. यंत्राला दोन वेगळे.

त्याहून छळणारी गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही. ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द तुमच्यातले काही जण ‘ॲ’ हे एकच अक्षर वापरून लिहितात, काही जण ‘अ’ला चंद्र जोडून, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ते समतुल्य धरलेले नाहीत, त्यामुळे वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या नेहमीच्या पद्धतीने ते एक होत नाहीत. एक संध्याकाळ मी हा दोष शोधण्यात घालवली. मथळा समोर दिसत होता, यादीत तोच शब्द होता, आणि स्क्रिप्ट म्हणत होती की तो तिथे नाही.

हे सगळे मी सोडवले, थोडे फार. न सुटलेला भाग तुमच्या मथळ्यांचा आहे. ‘कुटुंबावर काळाचा घाला’. ‘लग्नाला निघाले आणि वाटेतच…’. ‘क्षणात होत्याचे नव्हते झाले’. यांतल्या कुठल्याही मथळ्यात विषयाचा शब्द नाही. वाचकाला सगळे कळते, यंत्राला काहीच नाही. ‘घाला’ हा शब्द यादीत टाकावा, तर ‘बंदी घाला’ अशी मागणी करणारी प्रत्येक बातमी मिटते. आणि ‘नेमके काय घडले, वाचा’ असा मथळा असेल तर शेवटचा मार्गही बंद, कारण मथळा विषय लपवण्यासाठीच लिहिलेला असतो. मथळ्यात बातमी काय आहे ते स्पष्ट लिहिणे ही पत्रकारितेची जुनी शिस्त. ती पाळली असती तर माझ्या बहिणीला कित्येक सकाळी बऱ्या गेल्या असत्या. मी हे रागाने लिहीत नाही. मला ते मनापासून वाईट वाटते.

मिटवण्याबद्दल एक सांगायला हवे. सुरुवातीला स्क्रिप्ट चौकट पूर्ण काढून टाकायची. बहिणीला ते आवडले नाही. तिला वाटे, आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे. आता चौकटीच्या जागी एक करडी पट्टी येते: ‘एक बातमी मिटवलेली आहे’. फोटो नाही, मथळा नाही. दाबली तर उघडते. पहिले सहा महिने तिने एकही उघडली नाही. मग एकदा उघडली. ती बातमी महामार्गांवरच्या वेगमर्यादेबद्दलच्या नव्या नियमाची होती, मथळ्यात ‘अपघात रोखण्यासाठी’ असे शब्द होते म्हणून झाकली गेली होती. ती मला म्हणाली, “हे तर मला वाचायचंच होतं.” या विषयावर तिच्याइतके पोटतिडकीने वाचणारे दुसरे कोण असणार? घटना आणि धोरण यांत फरक आहे, तो तिला हवा होता, आणि शब्दांची यादी तो करू शकत नाही. तो फरक बातमी लिहिणारा माणूस एका क्षणात सांगू शकतो.

आता त्या सकाळबद्दल. आम्ही रोज वाचतो त्या एका संकेतस्थळाने रातोरात नवे रूप घेतले. बातमीच्या चौकटीला आधी अर्थ असलेले नाव होते. नव्या रूपात, संकेतस्थळाचा कोड नव्याने बांधला की दर वेळी बदलणारी, यंत्राने तयार केलेली अक्षरांची निरर्थक जुळणी आली. स्क्रिप्टला एकही चौकट सापडली नाही. चौकट सापडली नाही तर झाकायचेही काही नाही, म्हणून पान उघडेच उभे राहिले. सर्वांत वर आदल्या रात्रीचा अपघात होता. बहिणीने मला फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हते.

मी त्या संकेतस्थळाला पत्र लिहिले. चौकटीला एक स्थिर नाव ठेवाल का, एवढेच विचारले. वाचकांनी बाहेरून लावलेल्या साधनांची जबाबदारी आम्ही घेत नाही, अशा अर्थाचे दोन ओळींचे उत्तर आले. दुसऱ्या एका ठिकाणी स्क्रिप्टने चौकटी मिटवल्यावर जाहिरातरोधक बंद करा असा फलक पूर्ण पानावर आला. माझी स्क्रिप्ट जाहिरातींना हातही लावत नाही. त्यांना चौकट लपलेली दिसली आणि त्यांनी आम्हाला चोर ठरवले.

म्हणून हे पत्र त्या दोघांना न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे. मला जबाबदारी नको, माहिती हवी. प्रत्येक बातमी कुठल्या विषयाची आहे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. बातमी प्रसिद्ध करण्याच्या प्रणालीत उपसंपादक विभाग निवडतो, टॅग लावतो. तुमच्यातल्या अनेकांच्या बातमीच्या आतल्या पानावर ती माहिती शोधयंत्रांसाठी लिहिलेलीही असते: २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून सुरू केलेल्या स्कीमा डॉट ऑर्गच्या नमुन्यात बातमीचा विभाग आणि तिचे मुख्य शब्द यांच्यासाठी ठरलेल्या जागा आहेत. गंमत अशी की हे सगळे आतल्या पानावर असते आणि वाचकाला निवड करायची असते ती मुखपृष्ठावर. तिथल्या चौकटीत फक्त मथळा, फोटो आणि दुवा. विषय कळावा म्हणून स्क्रिप्टने प्रत्येक बातमी मागच्या मागे उघडून पाहायची ठरवली, तर एका वाचकामागे तुमच्या सर्व्हरवर शंभर फेऱ्या होतील. मी तसे केलेले नाही, करणारही नाही.

शोधयंत्रांपेक्षाही जाहिरातदारांचे उदाहरण मला जास्त लागते. आपली जाहिरात कुठल्या विषयाशेजारी दिसू नये हे ठरवण्याचा हक्क तुमच्या व्यवसायाने त्यांना केव्हाच दिला आहे. त्याला ब्रँड सेफ्टी म्हणतात. मृत्यू, अपघात, हल्ला अशा शब्दांच्या याद्या जाहिरातदार देतात आणि त्या शब्दांच्या बातम्यांपासून त्यांची जाहिरात दूर ठेवली जाते. २०२० मध्ये अनेकांनी त्या यादीत कोरोनाव्हायरस हा शब्द घातला, आणि सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या बातम्यांवरचे जाहिरातींचे उत्पन्न बुडाले म्हणून वृत्तपत्रांनी तक्रार केली, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणजे शब्दांच्या यादीने विषय ओळखायला गेले की काय होते याचा अनुभव तुम्हालाही आहे. आणि तरीही साबणाच्या कंपनीला अपघाताच्या फोटोपासून लांब राहता येते. जिचा माणूस अपघातात गेला, तिला येत नाही.

यापुढे मी तुमच्याकडे काय मागते आहे ते सांगते. मुखपृष्ठावरच्या, विभागांच्या पानांवरच्या आणि ‘हेही वाचा’मधल्या प्रत्येक चौकटीला बातमीच्या विषयाची एक खूण द्या. पानावर दिसणारी नको. कोडमध्ये, डेटा-टॉपिकसारख्या एखाद्या गुणधर्मात. रूप बदलले, रंग बदलले, अक्षरे बदलली तरी ती खूण तीच राहू द्या. ती असेल तर चाळीस ओळींची स्क्रिप्टही लागणार नाही. पानाचे दिसणे ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतली, पानावरचे घटक निवडणारी ‘हॅज’ ही खूण २०२३ च्या अखेरीपासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. ‘ज्या चौकटीत अमुक खूण आहे ती झाकून ठेव’ हे एका ओळीत सांगता येते, आणि ते पान रंगवण्याआधीच लागू होते. तो चमकून जाणारा अर्धा क्षण उरतच नाही.

खुणा नव्याने शोधण्याची गरज नाही. वृत्तसंस्थांनीच १९६५ मध्ये स्थापन केलेली आयपीटीसी ही संस्था मीडिया टॉपिक्स नावाची विषयसूची चालवते. वरच्या पातळीवर १७ विषय, त्यांच्या पोटात हजाराहून अधिक. आपत्ती, अपघात आणि आणीबाणीचे प्रसंग हा त्या १७ पैकी एक. राजकारण वेगळे, गुन्हे व न्याय वेगळे. प्रत्येक विषयाला ठरलेला क्रमांक आहे. मथळा ‘काळाचा घाला’ असो की ‘ट्रक-कार धडकेत’, ऱ्हस्व-दीर्घ काहीही असो, क्रमांक तोच राहतो. वेगमर्यादेच्या नियमाच्या बातमीला उपसंपादक अपघाताचा क्रमांक न देता धोरणाचा देईल आणि माझ्या बहिणीला ती वाचता येईल. शिवाय आरएसएस, म्हणजे नव्या बातम्यांची यादी वाचकाच्या प्रणालीला पुरवणारी तुमची फीड, चालू ठेवा, आणि तीत विषय भरा. आरएसएसच्या २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत बातमीच्या विषयासाठी कॅटेगरी ही जागा आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच फीडमध्ये ती रिकामी असते.

काही जण म्हणतील, आम्ही घडवलेले पान वाचकाने मोडावे हेच मुळात गैर. मला वाटते ही समजूत वेबच्या इतिहासाशी जुळत नाही. वेबच्याही आधी, यूजनेट या संगणकांवरच्या जुन्या चर्चामंचाच्या काळात, प्रोग्रॅमर लॅरी वॉल यांच्या १९८४ च्या ‘आरएन’ या वाचनप्रणालीत किल फाइल होती: नको असलेले विषय आणि नको असलेले लेखक वाचकाने तिथे लिहून ठेवायचे, पुढे ते दिसत नसत. होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला तेव्हा पानाचे रूप लेखक आणि वाचक यांच्या मतांतून मिळून ठरावे, हा विचार त्याच्या मुळाशी होता. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये दोघांनीही एखादा नियम महत्त्वाचा म्हणून ठासून सांगितला तर लेखकाचा चालायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो क्रम मुद्दाम उलटवला आणि वाचकाचा शब्द शेवटचा ठरला. तो आजही तसाच आहे. ब्राउझरला तांत्रिक भाषेत यूजर एजंट म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याचा प्रतिनिधी. तुम्ही पाठवलेले पान त्याच्या हाती पडते आणि तो वाचकाच्या वतीने ते उघडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मीही त्यावर बराच विचार केला आहे. प्रत्येकाने नको ते मिटवले तर समाजाला समान असे काही उरेल का? नको असलेल्या विषयांत दुष्काळ येईल, दंगल येईल, दुसऱ्याचे दुःख येईल. लेखक एली पॅरिसर यांनी २०११ च्या सुमारास ‘फिल्टर बबल’ हा शब्द रूढ केला तो याच काळजीतून. पण त्यांचा रोख कशावर होता ते पाहा: चाळणी दुसऱ्याने लावलेली असते, तिच्यातून काय गळाले हे आपल्याला दिसत नाही, आणि ती लावायला आपण सांगितलेलेही नसते. तशी चाळणी आज तुमच्या ‘तुमच्यासाठी निवडलेले’ या रांगेत आहे. माझ्या बहिणीची यादी तिने स्वतः लिहिली, ती तिला केव्हाही दिसते, आणि मिटलेल्या प्रत्येक बातमीच्या जागी पट्टी उरते. कुणी या सोयीचा उपयोग वास्तवापासून पळण्यासाठी करेलही. पण ती सोय नसेल तर लोक काय करतात हेही तुम्हाला माहीत आहे. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०१७ मध्ये २९ टक्के लोक म्हणत होते की आपण कधीकधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो. २०२५ मध्ये ते प्रमाण ४० टक्के झाले. त्यांची कारणे अनेक आहेत, पण मनावर होणारा वाईट परिणाम हे त्यांतले मोठे कारण. एका विषयाला दार लावता आले नाही की माणूस घरच बदलतो.

उत्पन्नाचे म्हणाल तर मिटवलेली चौकट म्हणजे गेलेला वाचक नव्हे. बहीण आज दिवसातून दोनदा तुमच्याकडे येते. स्क्रिप्ट नसती तर ती आली नसती.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी तुमच्या बाजूने मांडते. माझ्यासारख्या वाचकाने लावलेल्या स्क्रिप्टला (तिला यूजर स्क्रिप्ट म्हणतात) पानावरचे सगळे दिसते. ज्या पानावर तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता तिथे अनोळखी माणसाची स्क्रिप्ट चालवणे धोक्याचे आहे. म्हणूनच क्रोममध्ये आता तिच्यासाठी वेगळी परवानगी हाताने द्यावी लागते. मला कोड वाचता येतो, म्हणून बहिणीचे भागले. ज्यांच्या घरी असे कुणी नाही त्यांनी कुठून तरी उचललेला कोड आंधळेपणाने चालवावा, ही वेळ तुम्हीच टाळू शकता. शक्य असेल तर ‘हा विषय मला दाखवू नका’ अशी सोय तुमच्याच पानावर द्या. पण ती यादी वाचकाच्या ब्राउझरमध्येच राहू द्या. खात्यात साठवू नका, तुमच्या सर्व्हरकडे पाठवू नका, जाहिरातींच्या यंत्रणेला तर मुळीच देऊ नका. कुणी गर्भपाताच्या बातम्या मिटवते, कुणी कर्करोगाच्या, कुणी बलात्काराच्या. ती यादी वाचणाऱ्याला त्या व्यक्तीच्या आयुष्याचा सर्वांत दुखरा भाग कळतो. ती विकली जाण्याची शक्यता असेल तर ही सोय देऊच नका. खुणा तेवढ्या द्या, बाकीचे आम्ही आमच्या बाजूला करू.

सगळे विषय एकदम जमणार नाहीत हे मला समजते. जुन्या बातम्या सोडून द्या. आजपासून प्रसिद्ध होणाऱ्या बातम्यांना, आणि पहिल्यांदा फक्त तीन खुणा: अपघात, आत्महत्या, लैंगिक अत्याचार. आत्महत्येच्या बातम्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २००० पासून पत्रकारांसाठी मार्गदर्शिका काढल्या आहेत, अलीकडची २०२३ ची. त्या बातम्या ठळक जागी ठेवू नका, पुन्हापुन्हा देऊ नका, असे त्या सांगतात. त्या पाळणे तुमच्या हातात आहे. ज्या दिवशी पाळल्या जाणार नाहीत, त्या दिवशी वाचकाच्या हातात निदान ती खूण असेल.

तुमच्यातल्या कुणी हे करून पाहायचे ठरवले, तर मुखपृष्ठाच्या चाचणीच्या प्रतीवर मी स्वतः बसून तपासून देईन. मथळ्यांची रूपे, ‘ॲ’च्या दोन तऱ्हा, ‘ठार’ आणि ‘पठार’ यांची जी वही मी दीड वर्षात भरली आहे, तीही देईन. खुणा आल्या की तिचा मला काही उपयोग राहणार नाही.

आपली,
एक रोजची वाचक